विश्लेषण : निष्काळजीपणामुळे भाजल्यास भरपाई कोणाकडून मिळते? ती ठरते कशी?

सिलिंडरचा भडका, लोंबकळणारी वीजतार, पेटलेली बस, कारखान्यातील स्फोट. जखम सारखी असली तरी दाद मागण्याचे ठिकाण प्रत्येक वेळी वेगळे असते. भाजल्याचे नेमके नुकसान कळायला दीड-दोन वर्षे लागतात. कायद्याची मुदत मात्र घटनेच्या दिवसापासूनच मोजली जाते. भाजलेल्यांचे बरेच दावे या दोन गोष्टींच्या मधेच अडकतात.

‘४० टक्के भाजला’ म्हणजे नेमके काय?

आगीच्या बातमीत जखमींच्या नावापुढे टक्केवारी असते. शरीरावरील एकूण त्वचेपैकी किती भाग भाजला, याचा तो अंदाज असतो. प्रौढ माणसात डोके ९ टक्के, प्रत्येक हात ९ टक्के, प्रत्येक पाय १८ टक्के असे ढोबळ गणित डॉक्टर वापरतात. रुग्णाचा स्वतःचा पंजा बोटांसह साधारण एक टक्का धरला जातो. सलाइन किती द्यायचे, जिवाला धोका किती, हे ठरवायला हा आकडा लागतो.

भरपाई मात्र या आकड्यावर ठरत नाही. पाठीवर आणि मांडीवर २५ टक्के भाजलेला माणूस काही महिन्यांनी पूर्वीच्या कामावर जाऊ शकतो. उलट दोन्ही पंजे भाजून बोटे आखडली, तर टक्केवारी फार तर पाच भरते. पण शिंपी, सुतार किंवा वेल्डर असलेल्या माणसाचा धंदा तिथेच संपतो. विजेने भाजलेल्यांत ही तफावत आणखी मोठी असते. वीज एका जागी शरीरात शिरते, दुसरीकडून बाहेर पडते आणि मधले स्नायू आतून जाळते. त्वचेवर दोन लहान जखमा दिसतात आणि काही दिवसांनी हात कापावा लागतो.

न्यायालय विचारते ते वेगळेच : या जखमेमुळे या माणसाची कमावण्याची क्षमता किती गेली? सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये डावा हात गमावलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून ते अपंगत्व पूर्ण मानले. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हे तत्त्व अधिक सविस्तर मांडले गेले. हात गेल्यावर प्रमाणपत्रावर ६० टक्के अपंगत्व लिहिले असेल, पण चालकाच्या किंवा सुताराच्या बाबतीत कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के असू शकते आणि सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेलही, असे उदाहरण त्यात न्यायालयाने दिले आहे. म्हणून भाजल्याचे टक्के, अपंगत्वाचे टक्के आणि कमाई बुडाल्याचे टक्के हे तीन वेगळे आकडे आहेत. दाव्यात तिसरा आकडा सिद्ध करावा लागतो.

मग घाई कशाची?

जखम भरली म्हणजे उपचार संपले, असे भाजण्यात होत नाही. वण पिकायला साधारण १२ ते १८ महिने लागतात. या काळात कातडी आकसते. मान, काख, कोपर, बोटे ओढली जातात. दिवसाचा बहुतेक वेळ दाब देणारे कपडे घालावे लागतात, फिजिओथेरपी करावी लागते आणि आखडलेला सांधा मोकळा करायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. लहान मुलांचे आणखी अवघड. शरीर वाढते, वण त्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून वाढीच्या वयात शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

आपल्याकडे भरपाई साधारणपणे एकदाच आणि एकरकमी ठरते. नंतर नवी शस्त्रक्रिया निघाली म्हणून परत न्यायालयात जाता येत नाही. त्यामुळे रुग्णालयातल्या खाटेवर असताना ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे लिहिलेल्या कागदावर अंगठा किंवा सही देणे सर्वांत महाग पडते. त्या दिवशी समोर फक्त आतापर्यंतचे बिल असते. पुढची पाच वर्षे त्या हिशेबात नसतात.

पण वण पिकण्याची वाट पाहत बसायलाही सोय नाही. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावे लागते. कामगाराच्या भरपाईसाठीही मुदत दोन वर्षांची आहे. दिवाणी न्यायालयातील नुकसानभरपाईच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षे मिळतात. वाहन अपघातात १ एप्रिल २०२२ पासून ही मुदत सहा महिने झाली आहे. या शेवटच्या तरतुदीला आव्हान देण्यात आले असून, सुनावणी होईपर्यंत केवळ उशीर झाला म्हणून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरी त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. यावर व्यवहारात निघणारा मार्ग म्हणजे दावा मुदतीत दाखल करायचा, भविष्यातील शस्त्रक्रियांचा अंदाज प्लास्टिक सर्जनकडून लेखी घेऊन जोडायचा आणि अपंगत्वाचे अंतिम प्रमाणपत्र पुराव्याच्या टप्प्यावर सादर करायचे.

घरगुती गॅसमुळे भाजल्यास?

इथे पैशाचे दोन स्रोत आहेत आणि लोक बहुधा पहिल्यावरच थांबतात. तेल कंपन्यांनी घेतलेल्या विम्यात सिलिंडरच्या दुर्घटनेतील मृत्यूसाठी प्रत्येकी सहा लाख रुपये, उपचारांसाठी प्रत्येकी कमाल दोन लाख (एका घटनेत एकूण ३० लाखांपर्यंत) आणि नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या हानीसाठी कमाल दोन लाख रुपयांची तरतूद आहे. यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. घटना वितरकाला लेखी कळवायची, वितरक तेल कंपनीला आणि कंपनी विमा कंपनीला कळवते. गळतीच्या तातडीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

गंभीर भाजलेल्या रुग्णाला दोन लाख किती दिवस पुरतील, हे बर्न्स वॉर्डात नातेवाईक म्हणून राहिलेल्या कोणालाही विचारावे. पण ही रक्कम म्हणजे भरपाईची कमाल मर्यादा नव्हे, तो फक्त विमा आहे. सिलिंडरचा व्हॉल्व्ह सदोष होता, वितरकाच्या माणसाने गळती न तपासता टाकी जोडून दिली, रेग्युलेटरमध्ये दोष होता, असे दाखवता आले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पूर्ण नुकसान मागता येते. या कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते कुकर, गिझर, ई-स्कूटरच्या बॅटरीलाही लागू होते. गॅसजोडणी सासऱ्यांच्या नावावर आणि भाजली सून, तरी ती तक्रार करू शकते. संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याच्या नजरेत ग्राहकच असतो.

तक्रार कोणत्या आयोगात करायची, हे दाव्याच्या रकमेवर नव्हे तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते. ५० लाखांपर्यंत किंमत असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे हजार रुपयांच्या आसपासच्या सिलिंडरसाठी कोटीची भरपाई मागितली तरी जिल्हा आयोगच, आणि किंमत पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्कही नाही. मोटारीला आग लागून पती गमावलेल्या एका महिलेने या नियमाला आव्हान दिले होते. मोटार सुमारे ३१ लाखांची, दावा ५१ कोटींवर. सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी नियम वैध ठरवला. सामान्य ग्राहकाला हा नियम सोयीचाच पडतो. दिल्ली-मुंबईच्या खेपा वाचतात.

वीजतारेमुळे भाजल्यास निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो का?

धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर कायदा जास्त कडक आहे. ऑगस्ट १९९७ मध्ये मध्य प्रदेशात पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावरून सायकलने घरी जाणारा एक कामगार पाण्यात पडलेल्या जिवंत तारेमुळे दगावला. वीज मंडळाचे म्हणणे, कोणीतरी आकडा टाकून वीज चोरत होते, त्यात आमचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हा बचाव नाकारला. वीज पुरवण्याचा धंदा मुळात धोक्याचा आहे, ती गळून कोणाला इजा होणार नाही हे पाहणे पुरवठादाराचे काम, आणि काळजी घेतली होती असे सांगून जबाबदारी टळत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

पानिपतजवळच्या चार वर्षांच्या मुलाचे प्रकरण २०११ चे. घराच्या छतावर उघड्या वीजवाहिनीचा धक्का बसून त्याचे दोन्ही हात आणि एक पाय गेला. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ६० लाख रुपये मंजूर केले, खंडपीठाने त्यात कपात केली आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६० लाख पुन्हा कायम केले.

रस्त्यावरून जाणारा माणूस वीज कंपनीचा ‘ग्राहक’ असतोच असे नाही, त्यामुळे ग्राहक आयोगात अडचण येते. मार्ग तीन उरतात : दिवाणी दावा, उच्च न्यायालयात रिट किंवा वाद न्यायालयात जाण्यापूर्वी स्थायी लोकअदालत, जिथे वीजपुरवठ्यासारख्या सार्वजनिक सेवांचे एक कोटीपर्यंतचे वाद चालतात. रिट वेगवान वाटते, पण घटना कशी घडली यावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात जा, असे सांगितले जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ओडिशातील विजेच्या धक्क्याच्या प्रकरणांत तसेच सांगितले होते.

म्हणून विद्युत निरीक्षकाचा अहवाल इथे कळीचा ठरतो. वीज कायदा, २००३ च्या कलम १६१ नुसार अशा अपघाताची खबर निरीक्षकाला द्यावी लागते. ११ केव्ही वाहिनी इमारतीवरून जात असेल तर ३.७ मीटर उभे आणि बाजूने जात असेल तर १.२ मीटर आडवे अंतर असावे, असे सुरक्षा नियम सांगतात. हे अंतर घटनेनंतर लगेच मोजून पंचनाम्यात आले पाहिजे. तार वर ओढली गेली की मोजायला काही उरत नाही. मात्र वाहिनी आधीपासून असताना बाल्कनी किंवा गच्ची पुढे वाढवली असेल, तर वीज कंपनी तोच मुद्दा पुढे करते आणि भरपाईत घट होऊ शकते.

बस किंवा टँकर पेटल्यास?

२९ ऑक्टोबर १९८७. सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळ पुणे-बंगळूरु महामार्गावर पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि ट्रकची धडक झाली. टँकर रस्त्यापासून सुमारे २० फुटांवर जाऊन कलंडला आणि पेट्रोल गळू लागले. सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला; तिथे जमलेल्यांपैकी ४६ जण भाजून मरण पावले. दावा न्यायाधिकरणाचे म्हणणे पडले, की धडक पहाटे तीनला, स्फोट चार तासांनी, म्हणजे त्याचा वाहनाच्या वापराशी संबंध नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हे उलटवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये उच्च न्यायालयाचे म्हणणे मान्य केले. कलंडलेला टँकरही ‘वापरात’च असतो आणि धडक, गळती, स्फोट ही एकच साखळी आहे. तेव्हा हा लढा मृतामागे अवघ्या १५ हजार रुपयांच्या प्राथमिक मदतीसाठी होता. पण उभ्या, बंद पडलेल्या किंवा उलटलेल्या वाहनाच्या आगीत भाजलेल्यांचे दावे आजही या निकालाच्या आधारे चालतात.

सरकारने मदत जाहीर केली, तर दावा करता येतो?

येतो. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ प्रवासी दगावले, तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख रुपये जाहीर केले. ही सानुग्रह मदत असते. तिने कोणाचाही दोष ठरत नाही आणि दोषीची जबाबदारीही फिटत नाही.

जखमींच्या वाट्याला सामूहिक निवाड्यातही कमी येते, हे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या प्रकरणात दिसले. १३ जून १९९७ च्या त्या आगीत ५९ जण मरण पावले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मृतांसाठी वयानुसार १० लाख आणि साडेसात लाख रुपये ठरवले. जखमींना मात्र सरसकट एक लाख, जखम किरकोळ असो वा आयुष्यभराची. वैयक्तिक दाव्यात प्रत्येकाच्या जखमेचा वेगळा हिशेब मांडावा लागतो, तो यासाठीच.

कामावर भाजलेल्यांचे काय?

कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर लाभ तिथूनच मिळतात आणि मालकाकडून वेगळी भरपाई घेता येत नाही. योजनेबाहेरच्या कामगाराला १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याचा आधार होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना, कामामुळे इजा झाली एवढे पुरते. ठेकेदाराचा माणूस असेल तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. अडचण असते ती नोंदीची. हजेरीपटावर नाव नाही, पगार रोखीत, आणि रुग्णालयाच्या कागदावर मालकाच्या माणसाने ‘घरी भाजला’ असे सांगून ठेवलेले.

कारखान्याबाहेर राहणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे, जे फारसे कोणी ठोठावत नाही. डोंबिवली एमआयडीसीतील २३ मे २०२४ च्या स्फोटासारख्या घटनेत घातक रसायनांमुळे शेजारी जखमी झाले, तर १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. दोष सिद्ध करावा लागत नाही. रक्कम लहान असते, पण मोठा दावा त्यानंतरही खुला राहतो.

पहिल्या काही दिवसांत काय जपायचे?

गंभीर भाजलेल्या रुग्णाची नोंद रुग्णालय पोलिसांना कळवते आणि पोलीस किंवा कार्यकारी दंडाधिकारी जबाब घेतात. या जबाबात ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ हे एक वाक्य सहज येऊन बसते. शुद्ध हरपत असलेला रुग्ण, घाबरलेले नातेवाईक आणि लवकर आटपायची घाई. स्त्री भाजली असेल तर चौकशीचा रोख घरातल्यांवर जातो. ते आवश्यकही असते, पण त्याच वेळी व्हॉल्व्ह, नळी किंवा वायरिंगकडे पाहायचे राहून जाते. घटना कशी घडली हे त्या जबाबात जसे येईल, तसेच ते पुढे वर्षानुवर्षे वाचले जाते.

दुसरे म्हणजे वस्तू. फुटलेला सिलिंडर वितरकाची गाडी घेऊन गेली, तर दाव्याचा अर्धा जीव त्यासोबत जातो. गॅस सिलिंडरच्या नियमांनुसार तपासणी होईपर्यंत बचावकार्य सोडून अवशेष हलवायचे नसतात. या तपासणीची यंत्रणा, म्हणजे ‘पेसो’, हिचे मुख्यालय नागपुरातच आहे. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवर ‘बी-२७’ असे अक्षर आणि वर्ष असते. ती पुढील चाचणीची तिमाही आणि साल. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून. या पट्टीचा, सिलिंडरच्या क्रमांकाचा, रेग्युलेटरचा आणि नळीवरील तारखेचा फोटो मोबाइलमध्ये असणे मोलाचे ठरते. नळीची मुदत उलटलेली असेल तर समोरचा पक्ष नेमके तेच दाखवणार, हेही धरून चालावे.

फौजदारी गुन्हा वेगळा चालतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तिथे आरोपी सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही, कारण दोन्हीकडे पुराव्याची पट्टी वेगळी आहे.

रक्कम निघते कशी?

समजा, ३२ वर्षांचा स्वयंरोजगारी माणूस महिना १५ हजार कमावतो. वाहन अपघाताच्या दाव्यांत त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवतात, म्हणजे २१ हजार. वर्षाचे दोन लाख ५२ हजार. या वयाचा गुणक १६. गुणाकार ४० लाख ३२ हजार. कमाईची क्षमता १० टक्के गेली असे ठरले, तर हाती चार लाख तीन हजार. ४० टक्के ठरली, तर १६ लाख १२ हजार. माणूस तोच, जखम तीच. फरक पडला तो डॉक्टरच्या साक्षीने. नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. हा हात वळत नाही, या हाताने हे काम होणार नाही, हे डॉक्टरला सांगावे लागते. इतर न्यायालये हाच हिशेब मार्गदर्शक म्हणून वापरतात. त्यावर उपचारखर्च, पुढील शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी, सोबत राहिलेल्या माणसाचा खर्च, वेदना आणि विद्रूपतेसाठी वेगळी रक्कम मिळू शकते.

घर सांभाळणाऱ्या बाईची कमाई कशी मोजायची? जमशेदपूरला ३ मार्च १९८९ रोजी एका समारंभाच्या मांडवाला आग लागून ६० जण दगावले आणि ११३ जखमी झाले. त्यांची भरपाई ठरवण्याचे काम सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्याकडे सोपवले होते. पुढे २००१ च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना तीन हजार रुपये धरले. आज तो आकडा तुटपुंजा आहे, पण स्वयंपाकघरात भाजलेल्या बाईचे ‘उत्पन्न शून्य’ असे म्हणायची सोय तेव्हापासून उरली नाही.

वकील परवडत नसेल तर?

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि मोठ्या दुर्घटनेतील पीडितांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन करता येतो.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या बाबतीत एक विसंगती मात्र कायम आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अॅसिडहल्ल्यातील पीडितांची स्वतंत्र नोंद आहे, पण व्याख्येत ‘हल्ला’ हा शब्द आहे. कुकर, स्टोव्ह किंवा ट्रान्स्फॉर्मरमुळे तसाच चेहरा जळालेल्यांची त्यात गणना होत नाही. त्यांना हालचालीतील किंवा दृष्टीतील दोषाच्या निकषांवर तपासले जाते. भरपाईचा दावा या प्रमाणपत्रावर अडत नाही. नोकरीतले आरक्षण आणि इतर सवलती मात्र अडतात.